एकतीस नंबरचे दिवे

वीज गेलीये म्हणून सांगतो, एरवी मी ही गोष्ट काढत नाही. वेद, तो फोनचा टॉर्च बंद कर. सावनी, काचेपासून जरा इकडे सरक, गार लागेल.

रवींद्रकाका आठवतात ना तुम्हाला? इथेच कॅरी गावात राहतात, शुभाकाकूंचे मिस्टर. त्याच्याच बाबतीत घडलेलं आहे हे. गेल्या नोव्हेंबरातला पहिला शनिवार. हिवाळ्यासाठी इथे घड्याळं एक तास मागे करतात, तीच रात्र.

काम साधं होतं. व्हर्जिनियातल्या एका बाईंकडून जुनी गाडी आणायची. एकोणसत्तरची कॅमॅरो, निळी, दारावर एकतीस नंबर. त्या काळी इथे असल्या गाड्यांच्या शर्यती जोरात असायच्या. दिसायला रस्त्यावरच्याच कॅमॅरो आणि मस्टँग, पण आतली मागची सीट काढून, गाडी उलटली तरी चालवणारा वाचावा म्हणून लोखंडी पिंजरा बसवलेला. मोठ्या टीम मोठ्या खर्चाने उतरायच्या. ही एकतीस नंबरची मात्र नवराबायकोची. रॉय चालवायचा आणि लोरेटा ट्रॅकच्या कडेला भिंतीपाशी उभी राहून त्याला बोर्ड दाखवायची. पुढे राहा, दमाने घे, आत ये... असं त्यावर लिहिलेलं. 'आत ये' म्हणजे दुरुस्तीसाठी ट्रॅक सोडून तिच्यापाशी ये. एकदा भर पावसात त्यांनी भल्याभल्यांना मागे टाकून तिसरा नंबर काढला. ती शर्यत रवींद्रने पाहिली होती. नुकताच शिकायला आला होता तो, नवीन लग्न झालेलं. शुभा आणि तो एका छत्रीत उभे राहून त्या निळ्या गाडीसाठी घसा बसेपर्यंत ओरडले होते.

शुभा त्याच्या दोन वर्षं आधी गेली. हॉस्पिटलमध्ये. "कॉफी घेऊन आलोच" म्हणून हा खाली गेला, परत आला तोवर सगळं संपलं होतं. आपलं बोलणं तिला ऐकू गेलं होतं का, एवढंच विचारत राहायचा. मला विचारायचा, मुलाला विचारायचा. एकदा तर नर्सला फोन करून विचारलं त्याने. अशात त्या गाडीची जाहिरात दिसली. मग हा कुणाचं ऐकतोय!

लोरेटा ऐंशीच्या पुढची. वृद्धाश्रमात जायचं म्हणून घर आवरत होती. तिने शेडचं दार उघडलं, गाडीवरची ताडपत्री स्वतः ओढली. ट्रेलरवर गाडी चढवून झाल्यावर म्हणाली, "सत्तर साली ब्रेकमधून धूर दिसला मला. मी 'आत ये'चा बोर्ड धरला. रॉय समोरून निघून गेला. पुढच्याच वळणावर... त्याला बोर्ड दिसला की नाही, मला आजही माहीत नाही. दिसला की दिवे लुकलुकवायचा नेहमी. त्या दिवशी नाही लुकलुकवले."

 गाडीची बॅटरी काढून रवींद्रने ट्रकमध्ये आपल्या शेजारी ठेवली आणि निघाला.

रात्र चढली. पावसाची सर येऊन गेलेली. रॉय जिथे गेला, तो जुना ट्रॅक वाटेतच लागतो. बंद पडून किती वर्षं झाली, आता नुसती पाइनची झाडं. त्याच्या गंजक्या फाटकासमोरून ट्रक पुढे गेला, आणि आरशात पांढरा उजेड आला.

मागून कोणी येतंय असं त्याला वाटलं. पण मागे रस्ता मोकळा. उजेड ट्रेलरवरून आला होता. कॅमॅरोचे दिवे.

त्याने ट्रक कडेला घेतला. खाली उतरला. गाडी काळोखात. आत कोणी नाही. बॉनेटवर हात ठेवला. थंडगार.

"काका, बॅटरी तर ट्रकमध्ये होती," अनिका, तू म्हणशील. हो. ट्रकमध्येच होती.

दुसरा कोणी असता तर पळत सुटला असता. रवींद्रने फोन काढला. इतक्या रात्री लावावा की नाही... पण 'दिसला की नाही' हा प्रश्न काय असतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

पहिल्याच रिंगला लोरेटाने उचलला.

"लोरेटा, दिवे लागले. ट्रॅकसमोर."

"किती वेळा?"

"एकदा."

 मग रडण्याचा आवाज. "एकदा म्हणजे दिसला. रवी, त्याला बोर्ड दिसला होता."

हाही रडत होता, त्या ओल्या रस्त्यावर एकटा उभा राहून. आणि समोरची झाडं पांढरी झाली. विझली. पुन्हा पांढरी झाली.

"लोरेटा... आता दोनदा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"लोरेटा?"

"दोनदा म्हणजे... आत येतोय."

मग फोनमधून आवाज आला. तिच्या बाजूने. इंजिनाचा. लांबून. जरा जवळ. आणखी जवळ.

रवींद्रने वळून पाहिलं. कॅमॅरो ट्रेलरवर. बांधलेली. अंधारात.

"दार उघडू नका! लोरेटा, ऐका माझं..."

"किती वर्षं उभी आहे रे मी," ती म्हणाली. आवाज अगदी तरण्या बाईसारखा. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज. दाराची कडी. इंजिन थांबलं.

आणि मग...

काही नाही.

पोलिसांना कळवून हा परत फिरला. पोचला तेव्हा उजाडत होतं. लोरेटा पोर्चवरच्या खुर्चीत होती. अंगात चांगला कोट, केस विंचरलेले. हृदय थांबलं, म्हणाले.

मला सांगताना तो भीतीबद्दल एक अक्षर बोलला नाही. म्हणाला, "गिरीश, मी दोन वर्षं रोज पोर्चचा दिवा चालू ठेवतो रे. माझ्याकडे कोणी येत नाही."

...

त्या सकाळी एक पोलीस त्याला बाजूला घेऊन गेला होता. विचारलं, "रात्री तुम्ही ती गाडी ट्रेलरवरून उतरवली होती का?" हा नाही म्हणाला. तेव्हा त्याने अंगणातली खडी दाखवली. ट्रेलरच्या दुपारच्या खुणा पावसाने पार धुऊन काढल्या होत्या. त्यावर ताज्या, रुंद टायरांच्या दोन रेघा. फाटकातून थेट पोर्चच्या पायरीपर्यंत.

परत गेल्याच्या खुणा पोलिसांनी पुष्कळ शोधल्या. त्या नव्हत्याच.