शेवटच्या दोन कुप्या

मंगळाभोवती फिरणाऱ्या 'शुक्तिका' यानातल्या सहा अवतरणकुप्यांपैकी एकीचं उष्णताकवच तडकलेलं होतं. कोणत्या कुपीचं, हे सुटल्याशिवाय कळणार नव्हतं. यानात हवा एकाच माणसापुरती उरली होती आणि मदतयान वेळेत पोचेल याचाही भरवसा नव्हता.

यानातल्या सहा जणांपैकी चौघं एकेका कुपीतून सुटले आणि चौघंही सुखरूप उतरले, एकमेकांपासून शेकडो मैलांवर. धुळीच्या वादळामुळे वरून काही दिसत नव्हतं. उतरलेल्याने रेडिओवर सांगितलं, तरच वर कळायचं. प्रत्येक निरोपागणिक कप्तान निमकरांचा चेहरा उतरत गेला. सोबती वाचले म्हणून तोंड पाडणारा माणूस यानाची अभियंता अनुजा ढवळे पहिल्यांदाच पाहत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू पुढे हो," निमकर म्हणाले. "कप्तान शेवटी उतरतो. धोका सगळ्यांना सारखाच, सहात एक."

"तो सुरुवातीला, सर! गेलेली कुपी परत येत नाही. चार चांगल्या निघून गेल्या. आता दोनात एक खराब आहे."

"मग आपल्या दोघांना तरी सारखाच."

"सगळे एकदम सुटू म्हणाले होते मी, तेव्हा सारखा होता. तुम्ही मुद्दाम एकेकाला सोडलंत. मी जळाले, तर तुमची कुपी नक्की चांगली. मी वाचले, तर तुमची नक्की खराब, मग तुम्ही इथेच मदतयानाची वाट बघणार. जीव माझा टांगणीला आणि तुम्हाला आयतं उत्तर! लाज कशी वाटत नाही?"

"हा हुकूम आहे, अनुजा."

हवा दोघांना पुरणार नव्हतीच. ती कुपीत शिरली आणि दार लागताच तिने माइकची वायर हिसडून तोडली. घ्या म्हणावं उत्तर! जीव टांगणीला लागतो म्हणजे काय होतं, ते त्यालाही कळू दे.

कुपी थरथरली, तापली आणि धप्पकन वाळूत बसली. शाबूत! अनुजा खदखदून हसली.

स्पीकर चालूच होता. "अनुजा? उतरलीस का? अनुजा, बोल!" बराच वेळ नुसती खरखर. मग निमकरांचा सुस्कारा ऐकू आला. "गेली बिचारी." आवाज चक्क मोकळा झाला होता. "म्हणजे माझी चांगली. चला, निघतो."

तिचं हसू जिरलं. तिच्या गप्प बसण्याचंही त्याने उत्तर करून घेतलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

वायरचं तुटकं टोक माइकवर दाबून धरत ती ओरडू लागली, "सर, सुटू नका! ऐकताय ना? अरे नालायक माणसा, थांब! मी जिवंत आहे!"