ड्रॉवरातली वडी

बसा रे जिन्यातच. शारजाची लाइट एकदा गेली की तासभर येत नाही. वेदांग, तो मोबाइल ठेव खाली, उगाच तोंडावर उजेड नको. ही गोष्ट समोरच्या फ्लॅटमधल्या नागेशची. त्यानं मला आपणहून एकदाच सांगितली. मी मात्र चार वेळा विचारून घेतली.

नागेश देवगडचा. इथल्याच हमरिया भागातल्या एका कंपनीत फ्रीज-एसीचा मेकॅनिक. चार वर्षं घरी गेला नव्हता. तिकडे आई अंथरुणाला खिळलेली, आठ दिवस अन्नाला शिवली नव्हती. शेजारच्या मुक्ताबाई चमच्यानं पाणी पाजायच्या, एवढंच. आईचा श्वास आहे तोवर पोचायचं, याशिवाय नागेशला दुसरं काही सुचत नव्हतं. सुपरवायझर म्हणाला, "खोरफक्कानला एका साहेबाचा फ्रीज बंद पडलाय. तेवढा करून ये, उद्या रात्रीच्या विमानानं जा. खलास."

अठ्ठ्याण्णव साल. अठरा नोव्हेंबर, बुधवार, अमावस्या.

दिवसभराची ड्यूटी अंगावर घेऊनच नागेशनं पिकअप काढली. डोंगर ओलांडून पोचेपर्यंत नऊ वाजून गेले. खोरफक्कान म्हणजे देवगडची बहीणच. ओढून ठेवलेल्या होड्या, जाळ्यांचा वास, रस्त्यावर चिटपाखरू नाही. साहेब स्कॉटलंडचा म्हातारा, पूर्वी बंदरात कामाला. एकटाच राहायचा. खलाशांकडून हिंदी शिकलेला.

फ्रीज सुरू व्हायला अकरा वाजले. नागेशला उभं राहवेना. साहेबानं त्याला बसवलं आणि टेबलाचा ड्रॉवर ओढला. आत काय? जेवण. ओट मीठ घालून शिजवायचे, ड्रॉवरात ओतायचे, थिजले की सुरीनं वड्या पाडायच्या.

"हमारी दादी ऐसे रखती थी," साहेब म्हणाला. "फ्रीज तो अभी आया."

"सॉल्ट इन ओट्स? याक, अंकल."

अवनी, याक म्हणू नये. दमलेल्या माणसाला विचार. साहेबानं दोन वड्या दिल्या. खालून लाकडाच्या रेघा उमटलेल्या. नागेशनं पहिला तुकडा तोंडात घातला. थेट आईच्या हातची मिठाची पेज. फक्त थिजलेली.

चूक झाली ती इथं. दर अमावस्येला घरातल्या वारलेल्या माणसासाठी घास काढून ठेवायचा, ही त्याच्या घरची रीत. वडलांच्या नावानं त्यानं दुसरी वडी समुद्राकडच्या खिडकीत ठेवली. पण डोळे मिटत होते, आणि डोक्यात आठ दिवस एकच माणूस. तोंडातून निघालं, "आये, जेव गो."

जित्या माणसाला असं बोलवत नाहीत.

सव्वाअकरा झाले होते. वारा पडला. फ्रीजची घरघर... तीही थांबली.

खिडकीत बांगडी वाजली. एकच.

मग खोकला. ओळखीचा.

मग... दात नसलेलं तोंड चघळतं ना, तसं. सावकाश.

नागेश उठायला गेला. साहेबानं त्याचं मनगट धरलं.

"देखो मत," तो हळूच म्हणाला. "खाने दो."

किती वेळ गेला, नागेशला सांगता येत नाही. फ्रीज पुन्हा घरघरला, तेव्हा खिडकीत वडी नव्हती.

शनिवारी सकाळी तो गावी पोचला. आई गेलेली. बुधवारीच, रात्री पावणेएकला. आपल्याकडचं घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास पुढं. बघा जुळवून.

त्याला रडायचंही त्राण नव्हतं. ओसरीवर नुसता बसून राहिला. मुक्ताबाईंनी फडक्यात बांधलेलं काहीतरी त्याच्या हातात दिलं.

"नागेशा, ह्यां कोणाच्या हातान धाडलंस रे? आठ दिवस शीत गिळूक नाय, नि ह्यां मात्र खाल्ल्यान. पोट भरलां म्हणाली... आणि गेली."

नागेशनं फडकं सोडलं.

अर्धी वडी.

त्यानं ती उलटी केली. खाली लाकडाच्या रेघा.