सांडलेलं पीठ

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तरी चालेल. मीही सुरुवातीला स्वतःलाच वेडी समजत होते.

मंगळवार, अकरा डिसेंबर २०१८. पूर्व फिनलंडमध्ये सायमा तळ्याकाठचं एक गाव. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच आहेत.

आणि हो, रात्र नव्हती. दुपारचे दोन वाजले होते.

मी तार्या. तळ्याचं पाणी तपासण्याच्या केंद्रात कामाला आहे. पाण्यात प्राणवायू किती आहे हे बघायला आम्हाला स्टार्चची पूड लागते. पांढरीशुभ्र, मऊ, बिनवासाची. बरणीवर धोक्याचं एकही चित्र नाही. घरी बेरीचं सार घट्ट करायला बटाट्याचं पीठ घालतो ना, त्याचंच हे भावंड. म्हणून आम्ही सगळे त्याला पीठच म्हणायचो.

सगळे म्हणजे माइरे सोडून.

माइरे आमचं भांडार सांभाळायची. एकतीस वर्षं. कुठलीही बरणी उघडली की तारीख आणि सही. काम झालं की झाकण घट्ट. बरणी कोरड्या फळीवर, खिडकीपासून लांब. चमच्यात जास्त आलेली पूड परत बरणीत टाकायची नाही, म्हणजे नाही!

"तार्या, झाकण लावलंस?"

"लावलं गं."

"परत बघ."

"अगं, पीठच तर आहे! विष आहे का?"

"घरी सांडलंस तर मांजर चाटून टाकेल. इथे कोण चाटणार? इल्पो?"

इल्पो आमचा साहेब. तो म्हणायचा, "माइरेला स्वर्गात नेलं ना, तर ती तिथल्या ढगांनाही झाकणं लावेल."

त्या मंगळवारी मी वजनखोलीत पूड मोजत होते. दोन वाजत आले होते. आमच्याकडे दोनची कॉफी म्हणजे चर्चमधली प्रार्थना. सगळ्यांनी हजर राहायचं. त्यात डिसेंबर, म्हणजे आलुबुखाऱ्याचा मुरंबा भरलेल्या, चांदणीच्या आकाराच्या नाताळच्या पेस्ट्री आल्या होत्या. उशीर झाला की संपणार.

घाईत माझं कोपर बशीला लागलं.

पूड दाराजवळ सांडली. फार नाही, दोन मुठी असेल.

सुरक्षेचा कागद भिंतीवरच लावलेला होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'धोकादायक नाही.' मी नेहमी तेवढंच वाचायचे. खाली बारीक अक्षरांत होतं, 'सांडल्यास जमीन निसरडी होते. ओल्या फडक्याने लगेच पुसा.'

मी म्हटलं, कॉफीनंतर पुसते. पीठच तर आहे.

खालच्या मजल्यावर, कॉफीच्या खोलीत माइरेची खुर्ची रिकामी होती.

"माइरे कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"झाकणं मोजत असेल," इल्पो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

आणि मग वरून... धप्प.

एकच आवाज. नंतर काही नाही.

आम्ही धावत गेलो. माइरे वजनखोलीत पडली होती. वजनकाट्याखाली दगडी टेबल असतं, त्याची कड डोक्याला लागली होती. बाजूला बादली होती. मुठीत ओलं फडकं तसंच होतं.

तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातच वारली.

चौकशीच्या वेळी इल्पोने एकदाच विचारलं, "पूड कुणाच्या हातून सांडली?"

मी गप्प बसले.

आमच्याकडे गप्प बसलेल्या माणसाला कुणी खोदून विचारत नाही. त्याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. अहवालात लिहिलं गेलं, 'स्वतःच्या हातून सांडलेली पूड पुसताना, निष्काळजीपणामुळे.'

निष्काळजीपणा! माइरेचा! जिच्या हातून एकतीस वर्षांत कणभर काही सांडलं नाही, तिच्या नावापुढे तो शब्द लागला. आणि तो मी लागू दिला. लाज वाटते लिहायला.

जानेवारीत सुरू झालं.

मी वजनखोलीच्या बाहेरून जात होते. दोन वाजले होते. सगळे खाली कॉफीला गेले होते.

आतून आवाज आला...

टप... टप... टप...

फडकं पिळल्यावर बादलीत पाणी पडतं ना, तसा.

मी दार उघडलं. आत कुणी नव्हतं. बादली नव्हती. नळ कोरडा होता.

पण दाराजवळची जमीन ओली होती. पूड सांडली होती, बरोबर तेवढीच.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. सुट्टीच्या दिवसांचं माहीत नाही. मी कुणाला बोलले नाही. इतर कुणाला ऐकू येत असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. पुढे त्यांनी ओल्या जमिनीचा दोष छताला दिला. माणूस आणून छत तपासलं. छत कोरडं होतं.

पुढच्या हिवाळ्यात मी एक वाईट गोष्ट केली.

मुद्दाम चिमूटभर पूड दाराजवळ टाकली. खोलीला कुलूप लावलं. किल्ली खिशात घातली. कॉफीला गेले. परत आले...

पूड नव्हती. जमीन पुसलेली होती. आणि मी उघडी ठेवलेली बरणी... तिचं झाकण इतकं घट्ट बसलं होतं की मला ते दोन्ही हातांनी उघडेना.

मला भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं. मेलेल्या बाईलाही मी कामाला लावलं होतं.

तरी तोंड उघडायला मला सहा वर्षं लागली. भित्रेपणाला दुसरं नाव नाही.

गेल्या डिसेंबरात मी ओस्मोंकडे गेले. ओस्मो म्हणजे माइरेचा नवरा. गावाबाहेर एकटेच राहतात. अंगणात सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं फोडत होते. मी दारातच सगळं सांगून टाकलं. पूड मी सांडली होती, पुसायला मी थांबले नाही, गप्प मी बसले.

त्यांनी कुऱ्हाड ओंडक्यावर टेकवली.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"काय?"

"रोज दोनला, कॉफीला जाण्याआधी, ती मला फोन करायची. जेवलो का म्हणून. त्या दिवशीही केला. म्हणाली, 'घाईत आहे, तार्याने पूड सांडलीये, तेवढी पुसून जाते.' मी म्हटलं, 'तिला बोलव की वर.' तर म्हणाली, 'नको. घटस्फोटानंतर पोर आत्ता कुठे हसायला लागलीये. खालून आवाज येतोय तिच्या हसण्याचा. पिऊ दे कॉफी.'"

मी ओंडक्यांवरच बसले.

"मग तुम्ही सांगितलं का नाही? तिच्या नावावर डाग..."

"मी सांगून काय उपयोग? तू सांगायला हवं होतंस." त्यांनी फोडलेलं एक लाकूड उचलून ढिगावर रचलं. "मला वाटायचं, आज येईल, उद्या येईल. सहा वर्षं वाट बघितली, तार्या. कुणाशी बोलू शकलो असतो तिच्याबद्दल, तर तुझ्याशी."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती दिली की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यांनी आत बोलावून कॉफी ओतली एवढं खरं.

जानेवारीत मी मुख्य कार्यालयाला लेखी कळवलं. अहवाल दुरुस्त झाला. तो शब्द माइरेच्या नावापुढून गेला आणि माझ्या नावापुढे लागला. मला वाटलं, आता तरी ती थांबेल.

दोन वाजता आवाज आला...

टप... टप...

मग मी ओस्मोंना तेही सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, "मला नेशील तिथे?"

फेब्रुवारीत एके दिवशी आले. चांगला शर्ट घातला होता, दाढी केली होती. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. आम्ही दोघं वजनखोलीच्या बंद दाराबाहेर उभे राहिलो.

दोन वाजले.

टप... टप... अगदी दाराच्या पलीकडे.

ओस्मोंनी दाराला कान लावला. श्वास रोखून उभे राहिले. बराच वेळ.

"मला काही येत नाही ऐकू," ते हळूच म्हणाले. "तुला येतंय?"

"येतंय."

"काय करतेय?"

"पुसतेय."

त्यांनी तळहात दारावर ठेवला. "माइरे," ते म्हणाले, "पुरे गं आता. झालं स्वच्छ. घरी चल."

मी ऐकत राहिले...

फडकं पुन्हा बादलीत बुडालं. पुन्हा पिळलं गेलं. आधीपेक्षा घाईने.

"थांबली का?" ओस्मोंनी विचारलं. त्यांचे डोळे भरले होते. इतक्या आशेने मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

"थांबली," मी म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले. टोपी घातली आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. बऱ्याच वर्षांनी मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

तेव्हापासून दुकानात, चर्चमध्ये, जो भेटेल त्याला ते सांगतात की त्यांची माइरे सुटली. रविवारी मला जेवायला बोलावतात. हात धरून विचारतात, "शांत आहे ना सगळं तिथे?"

मी हो म्हणते.

सोमवारी दोन वाजता मी त्या दाराबाहेर उभी असते. आत ती पुसत असते.