चुकून दिलेला धीर

शिवकन्या दवाखान्याच्या वॉर्डातून खाली जाऊन घोटभर चहा पिऊन आली, ती थेट वडिलांच्या, खिडकीजवळच्या खाटेपाशी. आप्पांनी डोक्यावरून चादर ओढून घेतलेली. दुपारी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन. भ्याले असतील... तिला गलबलून आलं. स्टूल ओढून तिनं चादरीबाहेरचा हात हातात घेतला आणि दोन दिवस मनाशी जुळवलेलं एका दमात बोलून टाकलं.

“भेव वाटलं तर वाटू द्या. लपवू नका. मी दाराशीच बसणार हाय. भाईर आल्यावर पहिलं माझंच तोंड दिसंल तुमाला.”

हात खरबरीत होता, ऊन होता. आणि... आप्पांच्या मानानं फारच तरणा!

चादर हळूच खाली सरकली. काळेभोर डोळे, कपाळावर घाम.

“आजून थोडं बोला की,” तो म्हणाला. “लई बरं वाटायलंय.”

चटका बसावा तसा तिनं हात सोडला. “तुमी कोण? आमचे आप्पा कुठंयत?”

“त्या कोपऱ्यात. सिस्टरनं आत्ताच खाट बदलली. मी गहिनीनाथ, उमापूरचा. एडक्यानं टक्कर मारली, मांडीचं हाड मोडलं. सळई टाकायलेत आज.”

“एडक्यानं?” तिला हसू आवरेना.

“हसा. समदं गाव हसलंय. घरचे मेंढरं घेऊन लांब गेलेत. भाऊ रक्ताची पिशवी आणाया गेलाय. म्हणून तुमचं आयकून घेतलं... गप पडून.”

ती लाजून कोपऱ्यात पळाली. आप्पा मांडी घालून निवांत बसले होते. त्यांच्यासाठी जुळवलेलं ते बोलणं आता पुन्हा तोंडाशी येईना. ते तर तिकडं देऊन बसली होती! परक्या माणसाला. रागवावं की हसावं? आणि तिकडं पाहायचं नाही ठरवलं, तर मान आपोआप का वळते?

“मला काही होत न्हाई,” आप्पा म्हणाले. “पर त्या पोराला बघ. सकाळपासून थरथरायलंय.”

तेवढ्यात त्याला न्यायला स्ट्रेचर आलं. त्याच्या भावाचा पत्ता नव्हता. गहिनीनाथनं तिच्याकडं पाहिलं.

“मघाचंच बोला ना...”

ती जवळ गेली. “मला... काहीच सुचंना,” ती पुटपुटली.

“मग चला नुसत्या.”

ती चालली. स्ट्रेचरच्या बाजूनं, ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत. आणि दार लागल्यावर तिथल्याच बाकावर बसली. ‘कावून बसले मी इथं?’ तिनं स्वतःला विचारलं. रक्ताची पिशवी घेऊन त्याचा भाऊ धापा टाकत आला, पिशवी आत देऊन शेजारी बसला. त्यालाही तिनं काय सांगावं?

दीड तासानं दार उघडलं. कमरेत भुलीची सुई दिलेली, त्यामुळं गहिनीनाथ जागाच होता. त्यानं डोळे फिरवले, ती दिसली आणि त्याचा चेहरा असा काही निवला, की शिवकन्येला उगाच पदर सावरावा लागला.

दुपारी आप्पांचंही नीट पार पडलं. तिसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं. पिशव्या भरल्या, चपला घातल्या, तरी तिचा पाय निघेना. आप्पा म्हणाले, “मी बसतो खाली. ये तू,” आणि भिंत धरून बाहेर पडले.

ती खिडकीजवळच्या खाटेपाशी गेली.

“निघालात?”

“हं... ते त्या दिशी मी चुकून बोलले. तुमच्यासाठी नव्हतं.”

“ठाव हाय मला.”

“पर दाराशी बसले, ते चुकून न्हाई.” तिचे कान तापले. “ते कावून, ते मात्र मला आजून कळंना. लई गोंधळ झालाय माझा.”

तो हळूच म्हणाला, “माझा बी. पर ह्या गोंधळात बरं वाटायलंय मला.”

“पाय कधी टेकवायचा म्हणलेत?”

“सहा हप्त्यांनी.”

“मग टेकल्यावर या. चौसाळ्याला, बसथांब्यामागं. माझं शिवणाचं दुकान हाय.” ती दारापर्यंत गेली, थांबली. वळून म्हणाली, “आन् सातव्या हप्त्याची वाट बघायला लावू नका.”