सावाईच्या आईची कॉफी

जेलियानला त्यात काय मिळणार होतं, याचा हिशेब मी आधीच करून ठेवला होता.

रानडुकराची मागची तंगडी. तीही एंगकाबांगची तेलकट रानफळं गळायच्या दिवसांतली, म्हणजे बोटभर चरबीची. खालच्या बाजारात अशा तंगडीला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

आणि गमवायचं काय? सगळंच. आमचं लांबघर म्हणजे एका छपराखालचं अख्खं गाव; शिकारीतला वाटा चोरणारा माणूस तिथे राहत नाही. मुखिया त्याची चटई गुंडाळून होडीत टाकतो. जेलियान माझ्या बहिणीचा, रिन्याचा नवरा. रिन्या पोटुशी होती.

मी जन्मभर शिकार केली. रानातलं भूत जवळून पाहिलं की बहुतेक वेळा माणूसच निघतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे सांगताना मलाच अवघड वाटतं. पण घडलंय. सारावाकमध्ये, सेमरा ओढ्याच्या वरच्या अंगाला. रात्री नाही... भर दुपारी.

जेलियान दुसऱ्या नदीकाठचा. लग्न करून आमच्याकडे राहायला आला. नेम चांगला, तोंड त्याहून चांगलं. डुक्कर पडलं की आम्ही तिथेच कापून पाठीवरच्या टोपल्यांत भरायचो. मग हा मागे रेंगाळायचा.

घरी पोचायचा तेव्हा टोपलीत एक तंगडी कमी.

आणि तोंडाला कॉफीचा वास.

"दाजी, रानात हॉटेल टाकलंय का कुणी?" मी एकदा विचारलंच.

"टेकडीवरच्या झोपडीत एक आजी आहे ना, दादा. खाऊन जा म्हणते. नाही कसं म्हणू? साप चावून मरायचंय का मला?"

यात त्याचं चुकत नव्हतं. आमच्याकडे कुणी खा म्हटलं आणि तुम्ही तसेच निघालात, तर वाटेत साप तरी गाठतो, नाहीतर मगर. घाई असेल तर निदान अन्नाला बोट लावायचं, ते ओठाला टेकवायचं, मग उठायचं. आमची लेकरं बोलायच्या आधी हे शिकतात.

"आणि तंगडी?"

"तिला ठेवतो. फुकटचं कसं खायचं?"

"वा! आजी तुमची, तंगडी आमची!"

मी हसलो.

पण त्या टेकडीवर एकच झोपडी होती. आमच्याच लांबघरातल्या म्हातारीची, सावाईच्या आईची.

ती जेलियान यायच्या आधीच वारली. होडीतून तिला पुरायला नेताना शवपेटी धरून मीच बसलो होतो.

जेलियानला मी हे सांगितलं नाही. चोराला आपलं शहाणपण दाखवायचं नसतं. माझा तर्क साधा होता. बाजारातला कुणी तिथे येतो, तंगडी नेतो, वर कॉफी पाजतो. म्हातारीची गोष्ट कुणीतरी ह्याच्या कानावर घातलीय.

मी मुखियाकडे गेलो.

"खरं निघालं तर त्याला हाकलतो," मुखिया म्हणाला. "खोटं निघालं तर दंड तुझ्यावर, उंगात. बघ बाबा, बहीण तुझी आहे."

पुढच्या शिकारीला डुक्कर पडलं. मी टोपली उचलली, पुढे निघाल्यासारखं केलं आणि आडवाटेने टेकडीवर चढलो. सोबत माझा गारांग. कुत्रा कसला, चार पायांवरचं पोट. एकदा त्याने माझी चप्पल खाल्ली होती.

चढ संपला...

आणि किडे ओरडायचे थांबले. सगळे. एकदम.

जेलियान झोपडीत मांडी घालून बसला होता. एकटा. बोलत होता.

"हो आजी... नाही, अजून अवकाश आहे... हो, डोहाळे आंबटाचेच..."

मध्ये थांबायचा. ऐकायचा. मग उत्तर द्यायचा.

"या, या दादा!" मला बघून तो दचकला नाही. उलट खूश झाला. "आजी, हा माझा मेव्हणा."

कोपऱ्यात कोणी नव्हतं.

मी चूल पाहिली. राखेत नेचा उगवला होता. हिरवागार. महिनोन्महिने तिथे विस्तव पेटला नव्हता.

आणि जेलियानसमोरच्या कपातून... वाफ निघत होती.

"नाटक पुरे, दाजी. थर्मास कुठे लपवलाय?"

मी त्याची टोपली उलटी केली. मांस होतं. खांबांवरच्या त्या झोपडीखाली वाकून पाहिलं. कोळ्यांची जाळी होती. वर आलो तर माझ्या जागेपुढेही कप होता. शेजारी भाताचं ताट.

"ती म्हणतेय, अळी, केवढा झालास रे," जेलियान म्हणाला.

लहानपणी मला अळी म्हणायचे, खरं आहे. पण आमच्याकडे प्रत्येक तान्ह्या पोराला अळीच म्हणतात. हा पुरावा कुठेही टिकला नसता.

"म्हणतेय, खाऊन जा. कुत्र्यालाही घाल."

मेलेल्याच्या हातचं खाऊ नये. खा म्हटलेलं नाकारू नये. दोन्ही मला आईनेच शिकवलं. दोन्ही एकदम समोर आलं तर काय, हे ती सांगायची राहिली.

मी बोट लावलं. ओठाला टेकवलं.

भात गरम होता.

जेलियानने मूठभर भात गारांगपुढे टाकला. गारांगने हुंगला...

मग मागे सरकला. शेपूट पोटात घातली. आणि तोंड फिरवलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही," जेलियान म्हणाला. "गप्प झाली."

आम्ही तंगडी ठेवून उतरलो. गारांग नेहमीसारखा पुढे पळाला. वळणाआड गेला. भुंकला नाही, केकाटला नाही.

वळण ओलांडलं तर वाटेवर आडवा पडला होता. नाकावर दातांच्या दोन खुणा. साप कुठेच नाही.

तेव्हा मी सांगितलं. "दाजी... त्या म्हातारीला आम्ही पुरलंय."

जेलियान गारांगच्या अंगावर पानं पसरत होता. त्याने मान वर केली नाही.

"हो. तिनेच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी मी मुखियाला घेऊन वर गेलो. पहिल्याच पावलाला झोपडीच्या कुजलेल्या फळ्यांतून त्याचा पाय आरपार गेला. मी आणि जेलियान आदल्या दिवशी त्याच फळ्यांवर बसलो होतो. कप नव्हते, ताटं नव्हती. तंगडी नव्हती, रक्ताचा थेंब नव्हता, एक मुंगीसुद्धा नव्हती.

"चोर कुठाय?" पाय चोळत मुखियाने विचारलं.



जेलियान अजून आमच्यातच आहे. रिन्याला मुलगा झाला. जेलियान आजही त्या टेकडीवर जातो, खातो, सुटतही चाललाय. त्याने मला फसवलं असावं, असं मला अजून अधूनमधून वाटतं. तसं वाटलं की बरं वाटतं. पण चप्पल खाणाऱ्या कुत्र्याला त्या भातात कसला वास आला, तेवढं मात्र जुळत नाही. आणि तो भात माझ्या ओठाला लागलाय.

तर आतापर्यंतचा हिशेब असा. जेलियानने पोटभर खाल्लं, त्याला काही पडलं नाही. मी बोट लावलं, मला दंडाचा एक कोंबडा पडला. नाही म्हणाला तो एकटा गारांग.

किंमत त्याने मोजली.