खुणेपर्यंत तेल

"हात नका लावू मॅडम, पोळन!"

कमलिनीने झटकन हात मागे घेतला. नव्या गिअरबॉक्सपाशी भैयालाल फिटर उकिडवा बसला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला, मूठ कानाला... डोळे मिटलेले.

साल चौऱ्याऐंशी. खुर्सीपारजवळच्या, लोखंडाच्या सळ्या लाटणाऱ्या या लहानशा रोलिंग मिलमध्ये कमलिनी पहिलीच बाई-इंजिनिअर. मोटरचा वेग कमी करून जोर वाढवणारा हा गिअरबॉक्स तिनेच निवडलेला. भार किती, झटके किती, पंधरा दिवस उभं राहून मोजलं होतं बिचारीने. आणि चौथ्याच दिवशी हा तापला! फोरमन टिकाराम पटले यांनी सकाळीच बजावलं होतं, "चार वाजेपर्यंत कारण सापडलं नाही, तर हा वापस, अन् तुमी वापस ड्रॉइंगच्या टेबलावर."

पोरगी रडायचीच काय ती बाकी होती.

"चाकांचे दात साफ बोलून राहिले," भैयालाल म्हणाला. "बेअरिंगही. तुमची निवड एक नंबर आहे."

"आवाजावरून कळते तुमाले?"

"मायच्या पावलावरून तिचा राग नाई कळत?"

एवढ्या काळजीतही तिला हसू आलं. काय कान आहे या माणसाचा! सगळी मिल धडधडत होती, आणि हा त्यातून एकच आवाज वेचत होता. त्या कानामागे ग्रीसचा काळा डाग होता... तो पुसावा असं तिला वाटलं, आणि ती स्वतःशीच लाजली.

"मग तापते कावून?... तेल किती भरलं?"

भैयालालची मान खाली गेली. "वरपर्यंत."

अरे बाप्पा! कमलिनीने मशीन थांबवायला लावली आणि तेलाची पातळी दाखवणारा खुणेचा बोल्ट सैल केला. गरम तेलाची धार बादलीत पडू लागली.

"चाकं बुडाली की तेलच घुसळत बसतात. त्यानंच तापते. खुणेपर्यंतच भरायचं असते!"

"जुना गळका होता, त्याले वरपर्यंतच लागे. अन् हा तर..." तो अडखळला. "तुमी निवडलेला. याले काई कमी पडू नये, वाटलं मले."

कमलिनीची नजर पुन्हा त्या काळ्या डागाकडे गेली.

तेवढ्यात टिकाराम आले. "सापडलं कारण?"

भैयालालचं नाव ती कसं घेणार? पण तो स्वतःच उभा राहिला.

"कारण मी, साहेब. तेल म्या जास्त भरलं. मॅडमची निवड बरोबर आहे."

"पंधरा वर्षांत पहिल्यांदा चूक कबूल करून राहिला बे तू!" टिकाराम चकित होऊन निघून गेले.

मशीन पुन्हा सुरू झाली. चार वाजता भैयालालने गिअरबॉक्सवर तळहात ठेवला. कमलिनीनेही शेजारी ठेवला... अगदी शेजारी.

"पोळते का?" तिने विचारलं.

"नाई. कोमट आहे, मॅडम."

"मॅडम नको. कमलिनी." हात तिने काढला नाही. "रविवारी बाबा घरीच असतात. स्मृति नगरात. त्यांना भेटायला येशील?"

"हव," तो म्हणाला. होकार देताना त्याचाही हात तिथून हलला नाही.