गच्चीवरच्या उन्हात

"आई, हे तू काय केलंस?"

गच्चीच्या दारात उभ्या असलेल्या चंद्रशेखरचा आवाज असा काही आला, की सुंदराबाईंच्या हातातला ओला फडका तसाच हातात राहिला... त्यांना वाटलं होतं, लेक वर येईल, चादरीवर ओळीनं मांडलेल्या काळ्याभोर रेकॉर्ड पाहील आणि म्हणेल, वा आई, अप्पांच्या वेळी तरी इतक्या चकचकीत होत्या का? सकाळपासून रिठ्याच्या पाण्यात एकेक रेकॉर्ड धुऊन, मधल्या कागदाला थेंब लागू न देता, जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं पुसून त्यांनी त्या वाळत घातल्या होत्या, अगदी कुरडया घालाव्यात तशा... एप्रिलचं ऊन, नावड्याची गच्ची, आणि दीड तास. त्यांनी खाली वाकून पाहिलं. नऊच्या नऊ रेकॉर्डच्या कडा वर उचलल्या होत्या. एक तर पार वाटीसारखी खोलगट झाली होती.

"रेकॉर्ड उन्हात ठेवतात का कधी? सगळं आयुष्य अप्पांबरोबर काढलंस, एवढंही कळलं नाही तुला?"

सुंदराबाईंनी हातातला फडका पिळला. बोलण्यासारखं होतं, पण सदतीस वर्षं गिळलेलं उत्तर आज उन्हात उभं राहून कुठं बाहेर काढायचं?

चंद्रशेखर खाली बसला. वाटीसारखी झालेली रेकॉर्ड त्यानं दोन्ही हातांत घेतली आणि त्याचे डोळे भरून आले. अप्पा गेल्यापासून आठ महिन्यांत सुंदराबाईंनी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. अप्पांच्या रेकॉर्ड वाजवायच्या मशीनवर त्यानं पहिल्याच आठवड्यात चादर टाकली होती. आई दर रविवारी कळंबोलीला गाणी ऐकायला जाते, हेही त्याला आवडत नव्हतं. लोक काय म्हणतील, असं तो म्हणायचा. पण खरं म्हणजे कुठूनही गाणं ऐकू आलं, की तो खिडकी लावून घ्यायचा.

"परवा रविवारी अप्पांच्या त्या दादूकाकांना बोलावतो," तो उठत म्हणाला. "सगळ्या रेकॉर्ड, मशीन, सगळं घेऊन जाऊ देत. या घरात आता गाणं नको. आणि तूही नको जाऊस तिकडे."

तो जिना उतरून गेला. सुंदराबाई एकेक रेकॉर्ड उचलून सावलीत ठेवू लागल्या... रेकॉर्डही जाणार आणि रविवारही जाणार! आता उरायचं काय, चार भिंती आणि दुपारी तीन वाजताची ती शांतता?

रावसाहेब, म्हणजे चंद्रशेखरचे अप्पा, तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जायचे. परभणीकडच्या गावातून आलेला हा एरवी अबोल माणूस पगार झाला की एक रेकॉर्ड आणायचा. भीमगीतं, कोळीगीतं, लावण्या, नाट्यपदं... कुठल्या भंगारवाल्याकडून, कुठल्या धंदा मोडलेल्या बँडवाल्याकडून ती मिळाली, याची हकिकत तो जेवताना रंगवून सांगायचा. सुंदराबाई भाकरी थापता थापता ऐकायच्या आणि मनात ठेवायच्या.

शेखर नऊ वर्षांचा असताना एकदा पलंगावरून उडी मारून थेट एका रेकॉर्डवर आला. तुकडे त्यानं पिठाच्या डब्यामागं लपवले. ते सुंदराबाईंना सापडले. संध्याकाळी रावसाहेब घरी आले, तेव्हा त्या पुढं होऊन म्हणाल्या, "माझ्या हातून पडली."

रावसाहेब ओरडले नाहीत. तुकडे एकमेकांना जोडून पाहत म्हणाले, "यापुढं तू हात लावू नकोस. तुला हवं ते सांग, मी लावत जाईन."

तेव्हापासून सदतीस वर्षं सुंदराबाईंनी सांगितलं आणि रावसाहेबांनी लावलं. रोज संध्याकाळी. त्यात प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? पण एकाही रेकॉर्डला सुंदराबाईंचं बोट लागलं नाही. ती धुतात कशी, ठेवतात कशी, उन्हानं तिचं काय होतं, हे त्यांना कोण सांगणार होतं!

रावसाहेब गेल्यावर तिसऱ्या महिन्यात उरणच्या दादूचा फोन आला. दादू म्हणजे मासळीचा व्यापारी, रावसाहेबांचा रेकॉर्ड जमवणारा दोस्त. "वैनी, घरात बसून काय करता? माजी बायको शांती गेली तवा मी पन असाच बसलो व्हतो. तवा रावसायबानंच मना हाताला धरून उटवला. आता तुमी उटा."

दादूनं त्यांना कळंबोलीला नेलं; तिथं राजेश्वरीबाई नावाच्या बाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं, आता बंद पडलेलं. त्याच दुकानात दर रविवारी सकाळी सात-आठ माणसं जमत. प्रत्येकानं एक रेकॉर्ड आणायची. वाजवण्याआधी ती कशी मिळाली हे सांगायचं, आणि सुई टेकली की कुणी बोलायचं नाही. दादूला हा नियम पाळणं जमत नसे. राजेश्वरीबाई दुकान काढण्याआधी बँकेत होत्या तशाच इथंही कडक होत्या. "दादू, गाणारी ती आहे, तुम्ही नाही," असं त्या दर रविवारी एकदा तरी म्हणत.

पहिल्या दिवशी सुंदराबाई रावसाहेबांची एक रेकॉर्ड घेऊन गेल्या. राजेश्वरीबाईंनी विचारलं, ही कुठली? आणि सुंदराबाई बोलत सुटल्या... पनवेलच्या बँडवाल्यानं ती कशी चहाच्या ट्रेसारखी वापरली होती, रावसाहेबांनी बदल्यात त्याला नवा स्टीलचा ट्रे कसा दिला, तरी त्या माणसानं 'यात चहा लवकर गार होतो' म्हणून तक्रार कशी केली! सगळे हसले. आणि त्या हसण्यात आपलाही आवाज मिसळला आहे, हे लक्षात येऊन सुंदराबाईंना घरी परतताना अपराधी वाटलं. पुढच्या रविवारी मात्र त्या अर्धा तास आधीच जाऊन बसल्या. नवरा गेला होता; पण त्याच्या हकिकती ऐकायला माणसं होती. आपण सांगावं आणि त्यांनी 'मग, मग?' करावं... याहून मोठा आधार दुसरा कुठला?

येता रविवार सबंध रावसाहेबांच्या रेकॉर्डचाच ठरला होता. म्हणून तर ती धुण्याची हौस!

त्या रविवारी कळंबोलीला जमण्याऐवजी दादू आणि राजेश्वरीबाई दोघंही नावड्याला आले. शर्मिलानं, सुनेनं, चहा ठेवला. चंद्रशेखरनं खोकी आधीच दाराशी आणून ठेवली होती.

"या घेऊन जा काका. मी टेम्पो सांगतो."

"आरं थांब की. आदी बघू तर दे." दादूनं वरची रेकॉर्ड बाहेर काढली, उजेडात धरली आणि तो पोट धरून हसू लागला. "वैनी, रेकॉर्ड हाय का तळलेला पापड?"

"हसू नका, दादू," राजेश्वरीबाई म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आवरेना. "अहो, माझ्या सासूबाईंनी रेकॉर्डवर कुंडी ठेवली होती. चांगला पसरट आकार आहे म्हणाल्या."

"आईला काही कळत नाही यातलं," चंद्रशेखर कोरडेपणानं म्हणाला.

"तिला कसा कळंल?" दादू डोळे पुसत म्हणाला. "रावसायबानं हात लावू दिला का तिला? तिनं ती एक रेकॉर्ड फोडली ना, तुमच्या जुन्या खोलीत... तवापासून बंदी. मना सांगायचा ना तो. तू नऊ-दहा वर्साचा असशील."

 चंद्रशेखरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"आईनं नाही फोडली," तो हळूच म्हणाला. "मी फोडली. तुकडे मी लपवले होते... मला वाटलं, कुणाला कळलंच नाही." तो आईकडं वळला. "आई... तू सांगितलंस की तू फोडलीस?"

सुंदराबाई खाली मान घालून पदराचं टोक चाळवत राहिल्या.

"का? अप्पांनी मारलं असतं म्हणून?"

"त्यांनी कुणाला मारलं होतं रे कधी?" सुंदराबाई म्हणाल्या. "पण मला म्हणाले तसं तुला म्हणाले असते, हात लावू नकोस. तू दर सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मांडीवर बसून सुई ठेवायला शिकत होतास. दोघं एका श्वासात फुंकर घालायचात, धूळ उडवायला... ते मला बंद होऊ द्यायचं नव्हतं. मला काय, मी स्वयंपाकघरातूनही ऐकत होते."

चंद्रशेखर आईच्या पायाशी येऊन बसला. सेहेचाळीस वर्षांचा, कंटेनर यार्डात शंभर माणसांवर ओरडणारा त्यांचा लेक... आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवून तो ढसाढसा रडला. "मी परवा तुला काय काय बोललो! आणि मशीन झाकलं ते लोकांसाठी नाही गं... सुई ठेवली की बाजूला अप्पा नसतील, म्हणून."

"माहीत आहे मला," सुंदराबाई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या. "म्हणून तर मी बाहेर जाऊन ऐकत होते."

शर्मिलानं चहाचे कप खाली ठेवले आणि डोळ्यांना पदर लावला. दादू मात्र फार वेळ गप्प बसणारा नव्हता.

"काय रं शेखर, दोन काचा हायेत का घरात? जाड्या?"

"काचा?"

"दोन काचांच्या मदी रेकॉर्ड ठेवायची, थोडं ऊन दाखवायचं, नरम झाली का सावलीत आनून वर वजन. सरळ व्हते. सगळी नाय, पन व्हते."

चंद्रशेखरनं इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ शोकेसच्या सरकत्या काचा काढायला लागला. "अहो, शोकेस!" शर्मिला म्हणाली, मग स्वतःच आतल्या ट्रॉफ्या आणि बाहुल्या उचलून पलंगावर ठेवू लागली. तांदळाचा डबा, वरवंटा, राजेश्वरीबाईंची जड पर्स, जे सापडलं ते वजन म्हणून गच्चीच्या सावलीत आलं. दादू घड्याळ लावून उन्हात उभा राहिला, राजेश्वरीबाई त्याच्या डोक्यावर छत्री धरून त्याला रागावत राहिल्या आणि खाली डाळभात कधी झाला, कधी गच्चीवर आला, कुणाला कळलं नाही.

दुपारपर्यंत तीन रेकॉर्ड बऱ्यापैकी सपाट झाल्या. खाली येऊन चंद्रशेखरनं मशीनवरची चादर काढली आणि रेकॉर्ड चढवली. मग तो बाजूला झाला.

"आई, तू लाव."

"मला येत नाही रे."

"मी शिकवतो ना. घाबरायचं नाही, टेन्शन नाही घ्यायचं. अशी उचल... कडेला... आणि सोड अलगद."

सुंदराबाईंनी उचलली आणि सोडली. सुई कडेऐवजी मधेच जाऊन पडली, एक लांबलचक खर्र झालं आणि गाणं थेट अंतऱ्यापासून सुरू झालं. रेकॉर्ड अजून किंचित वाकडीच होती. गाणाऱ्या बाईचा आवाज वर जाई, खाली येई, लाटेवर बसल्यासारखा.

"ही बाई उरनच्या लाँचीत बसून गाते," दादू म्हणाला.

पहिल्यांदा चंद्रशेखर हसला. गालांवरचं पाणी तसंच ठेवून तो मोठ्यानं हसला, आणि मग शर्मिला, आणि मग राजेश्वरीबाईसुद्धा. सुई टेकलेली असताना बोलायचं नाही, हा नियम कुणाच्याही लक्षात राहिला नाही. दाराशी ठेवलेल्या खोक्यांवर शेजारच्या बायका येऊन टेकल्या होत्या. त्यातली एक विचारत होती, यात लावण्या आहेत का?

"आहेत," सुंदराबाई म्हणाल्या, "पण त्या कशा मिळाल्या ते आधी ऐकावं लागेल."

आणि रेकॉर्ड संपली, तेव्हा कुणाला न विचारता त्या उठल्या, दोन्ही हातांनी ती उलटवली आणि दुसरी बाजू लावली.